फोनवरून ओढलेली गोधडी

आमच्या चिरंजिवांना उठवायचा घरात एकच उपाय होता: अंगावरची गोधडी ओढायची आणि ती घेऊन गोठ्याकडे चालू लागायचं. हाकांचा उपयोग नव्हता. हाकेला तो झोपेतच "उठलो, उठलो" म्हणायचा, तेही इतक्या नम्रपणे की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगं दात घासतंय.

पुण्याला इंजिनिअरिंगला निघाला तेव्हा आईने चिवडा दिला, तूप दिलं, सर्दीच्या गोळ्या दिल्या. गोधडी ओढणारं माणूस काही देता आलं नाही. व्हायचं तेच झालं. पहिल्याच वर्षी सकाळच्या एका पेपरला महाशय झोपून राहिले आणि विषय मागे राहिला. आता तो पेपर पुन्हा हुकला तर वर्ष वाया जाणार होतं.

म्हणून उठवायचं काम मी अंगावर घेतलं. आम्ही संगमनेरकडची दूध घालणारी माणसं. कोंबडंसुद्धा आमच्याकडे बघून आरवतं. धारेला बसलो की फोन कान आणि खांद्यात दाबायचा आणि ओरडायचं, "ऊठ रं, गोधडी वढली!" पलीकडून घोगरा आवाज यायचा, "व्हय आप्पा, उठलो." त्यावर विश्वास कोण ठेवतो? मी आणखी दोन-चार शिव्या घालायचो. गाय बिचकून पान्हा चोरायची. बायको म्हणायची, "पोराला उठवताय का गावाला?" मी मात्र खुशीत होतो. डेअरीवर कॅन उतरवताना चारचौघांत सांगायचो, पोरगं पुण्यात शिकतंय, पण किल्ली इथून द्यावी लागते.

नेमका त्या पेपरच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. गोळी घेऊन पडलो, तो जाग आली तेव्हा उन्हं खाटेवर आली होती. मला झोप लागावी म्हणून बायकोने धार स्वतःच काढली होती आणि फोन बंद करून फळीवर ठेवला होता. तो चालू करून पोराला लावला, तर त्याच्या खोलीतल्या मुलाने उचलला. परीक्षेत फोन चालत नाही, म्हणून पोराने तो खोलीवरच ठेवला होता.

"काका, तो गेला की पेपरला."

"उठवलं कुणी त्याला?"

"त्याला? तो रोज तुमच्या आधीच उठतो. आंघोळ करून फोन घेऊन बसतो. तुमचा फोन आला की आवाज जड करून बोलतो. आज आला नाही म्हणून दारातच घुटमळत होता. शेवटी आम्ही ढकलून पाठवला."

पेपर हुकला नाही याचा आनंद झालाच. पण त्याआधी राग आला. इतके दिवस मी जाग्या माणसाला शिव्या घालत होतो! झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. मी तर रोज उठवत होतो.

दुसऱ्या दिवशी ठरवून फोन केला नाही. गुपचूप धारेला बसलो. थोड्या वेळाने फोनच वाजला.

"आप्पा, काल आई म्हणाली ताप आलाय, उतरला ना? आज गोधडी न्हाई वढली?"

"उठला का रं तू?"

"न्हाई ओ. लई झोप येतीय." मागे टपरीवर चहाचे ग्लास खणखणत होते.

पोराबद्दल इतकी माया मला त्याच्या बारशालाही वाटली नसेल. मी खाकरलो आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडलो, "ऊठ गाढवा, दुपार झाली!"

गाईने पान्हा चोरला.