खुशालभाऊंचं सँडविच

गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यातून खुशाल दुर्गे निवृत्त झाले, तेव्हा भट्टीखात्यातल्या सोबत्यांनी त्यांना विजेचा सँडविच मेकर भेट दिला. जन्मात कधी चहासुद्धा न केलेल्या माणसाला याहून योग्य भेट कोणती?

पत्नी गिरजाबाईंनी ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "तुमाले भेटलं, तुमीच चालवा," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

खुशालभाऊंना त्यात अवघड काही दिसेना. दोन मजली भट्टी सांभाळलेला माणूस, हे वीतभर डबडं काय चीज! सोबतचं माहितीपत्रक नवख्यांसाठी असतं, म्हणून ते त्यांनी उघडलंच नाही. रविवारी जुन्या सोबत्यांनाच नाश्त्याला बोलावलं. ब्रेडमध्ये आलू, टमाटर आणि पातळ चटणी इतकी ठासली की झाकण बसेना. मग तळहाताने भार दिला. यंत्र तापायच्या आधीच भरल्यामुळे ब्रेड आधी भिजला, मग चिकटला. त्यात देखरेखीची जुनी सवय. घडीघडी झाकण उघडलं की वरचा ब्रेड वर, खालचा खाली, काडीमोड घेतल्यासारखे. पाहुण्यांनी तो लगदा चमच्याने खाल्ला आणि घरी काम असल्याचं सगळ्यांना एकदमच आठवलं.

"व्होल्टेज कमी होतं," खुशालभाऊंनी निदान केलं.

"हो ना," गिरजाबाई म्हणाल्या. "टमाटराले पानी बी व्होल्टेजनंच सुटलं असन."

यंत्र कपाटावर गेलं. तिथे ते थंडीपर्यंत सुखात होतं.

थंडीत गिरजाबाई तापाने आडव्या झाल्या. तोंडाची चव गेली. शेजारच्या जरीनाबाईंनी पाठवलेली खिचडीही त्यांनी बाजूला सारली. "कायतरी कुरकुरीत पाह्यजे," एवढंच म्हणाल्या.

खुशालभाऊंनी यंत्र खाली काढलं, पुसलं, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच डोकं चालवलं. थंड भट्टीत माल टाकला असता तर साहेबांनी काय केलं असतं? आणि ओला माल टाकला असता तर? त्यांनी आधी यंत्र तापू दिलं. उकडलेला आलू जिरं घालून तव्यावर कोरडा परतला, पातळ थर दिला, टमाटर वगळलं. लोणी ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला लावलं. झाकण अलगद लावलं आणि उघडून पाहायचा मोह होऊ नये म्हणून हात पाठीमागे बांधून उभे राहिले. वाफ ओसरली तेव्हाच उघडलं. सोनेरी, खमंग, काठ मिटलेलं सँडविच आपसूक सुटून आलं.

गिरजाबाईंनी सगळं संपवलं. "मीठ जरा कमी हाये," म्हणाल्या. "अजून एक करा."

त्या घरात कुठल्याही स्वयंपाकाला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद होती. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवून आपण एवढंही कधी बोललो नाही, हे खुशालभाऊंच्या ध्यानात आलं आणि ते ओशाळले. फार नाही, बेताचेच.

ताप उतरला. डॉक्टरांनी तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. पण नाश्त्याची वेळ झाली की गिरजाबाईंना हटकून अशक्तपणा येई.

"डॉक्टर तं बरी झाली म्हणते," खुशालभाऊ एकदा चाचरत म्हणाले.

"डॉक्टरले काय कयते? अंग माहं हाये," गिरजाबाईंनी पांघरूण ओढलं.

दुखणं चिवट आहे, असं खुशालभाऊंनी जरीनाबाईंना गंभीरपणे सांगितलं आणि आलू उकडायला ठेवले.