वायरीच्या टोकाचं टोपण

आधी माफी मागून घेतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात. कोणावर, त्यातून सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर, काही लिहावं एवढी माझी पायरी नाही. शिवाय मी त्यांच्याच घरी राहून शिकलो, त्यांच्याच ताटात जेवलो. तरी लिहितो, कारण कामठीपासून हिंगण्यापर्यंत सारं नागपूर पालथं घातलं तरी बिघाड शोधण्याची एवढी हौस आणि तो सापडण्याचा एवढा दुष्काळ एकाच माणसात मिळणार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. चुकत असेन तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

भाऊजी एका सहकारी संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटरवर टेंपररी होते. ताईशी लग्न झालं तेव्हा टेंपररी, भाची झाली तेव्हा टेंपररी, भाची शाळेत जाऊन पाढे म्हणू लागली तरी टेंपररी. घरात नवस बोलायचा तो एकाच गोष्टीसाठी, भाऊजी पर्मनंट व्हावेत म्हणून. अशात एकदा साहेबांनी त्यांना आठवडाभराच्या ट्रेनिंगला हैदराबादला धाडलं. कचेरीतले सगळे कॉम्प्युटर एका काळ्या वायरीने एकमेकांना जोडायचे होते, म्हणजे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला बसल्या जागी दिसेल. याला नेटवर्क म्हणतात. भाऊजी गेले तेव्हा साधे ऑपरेटर होते. परत आले ते नेटवर्क होऊनच. स्टेशनवरून घरी येईपर्यंत रिक्षावाल्याला नोड, पॅकेट आणि सर्व्हर हे तीन शब्द पाठ झाले होते.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द पिंग. एका मशीनने दुसऱ्याला नुसतं ‘आहेस का?’ विचारायचं आणि दुसऱ्याने ‘आहे’ म्हणायचं, एवढाच पिंगचा कारभार. यात बोलणं काही नसतं, लाइन शाबूत आहे एवढं कळतं. भाऊजी हे घरी करत. जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून ओरडायचे, “आहेस का वं?” ताई कणकेच्या हातांनी दारात येऊन म्हणायची, “आहे नं! काय झालं?” “काई नाही. जवाब कितीक वेळानं येते ते पाहून राहिलो,” असं म्हणून सायकल पानठेल्याकडे वळायची. “एक दिवस लाटण्यानं जवाब देईन तुमाले,” ताई म्हणायची. भाऊजींच्या आईने मात्र कधीच ओ दिली नाही. “मी काय मशीन हाय काय रे? काम असंन तं आत ये, नसंन तं जाय,” असं म्हणून म्हातारी तांदूळ निवडत बसायची. नोड म्हणजे वायरीला जोडलेलं एकेक मशीन; भाऊजी मला हळूच सांगायचे, “माय नोड लय चांगला हाय गा, पण रिप्लाय बंद ठेवला हाय तिनं.”

दुसरा नाद म्हणजे अर्ध्यावर तोडून पाहण्याचा. लांब वायरीत बिघाड आला तर टोकापासून टोकापर्यंत चाचपत जायचं नाही. मधोमध तोडायचं, कोणता अर्धा भाग मेला ते पाहायचं, मग त्या अर्ध्याचा अर्धा. पद्धत खरोखर उत्तम आहे, यात शंका नाही. पण सावनेरला माझ्या चुलतभावाच्या लग्नात पंगतीच्या शेवटी बसलेल्यांना वांग्याची भाजी मिळेना, तेव्हा भाऊजी ताटावरून उठले आणि पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. “तुमच्यापर्यंत आली काय?” “आली.” “म्हंजे फाल्ट पुढच्या अर्ध्यात.” मग पुढच्या अर्ध्याचा मध्य. तिथे व्याही बसले होते. त्यांच्यासमोर बोट रोखून भाऊजी म्हणाले, “इथंपर्यंत लाइन चालू हाय. याच्या पुढं मेली.” मेली हा शब्द मांडवात ऐकल्यावर व्याह्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांची समजूत काढून झाली तोवर बिघाड सापडला. वाढपी बादली घेऊन आपल्या मेव्हण्याशी गप्पा मारत उभा होता. पण बादलीत तेव्हा फक्त रस्सा उरला होता.

तिसरी गोष्ट सांगावी की नाही, असा मला प्रश्न पडतो. कारण ती घरची आहे. दोन मशीन एकदम बोलली तर दोघांचे निरोप एकमेकांवर आदळतात. मग दोघांनीही गप्प व्हायचं, प्रत्येकाने आपापल्या मर्जीचा वेळ थांबायचं आणि मग पुन्हा बोलायचं. एका दुपारी ताई आणि तिची सासू पापडांवरून एकदम बोलत होत्या. भाऊजींनी दोघींच्या मध्ये हात आडवा धरला. “कोलिजन झालं! दोघी बी थांबा. मनातल्या मनात आकडे मोजा, आणि सारखे मोजू नका.” सासूबाई म्हणाल्या, “मी कायले मोजू? मी पैले बोलून राहिली होती.” ताई म्हणाली, “आणि मीच कायले मोजू? पापड माह्ये जळले.” मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तोफा भाऊजींकडे वळवल्या. त्या दिवशी सासूसुनांचं पहिल्यांदा एकमत झालं. भाऊजी ते आपल्या पद्धतीचं यश समजतात.

एवढं सारं असून कचेरीतलं नेटवर्क त्यांनी उभं केलं, हे मान्य करायला हवं. काळी वायर स्वतः ओढली, एकेक जोड स्वतः बसवला. वायरीच्या दोन्ही टोकांना मात्र एकेक टोपण लागतं. वायरीतून धावत आलेला निरोप टोकाला पोचला की त्याला गिळून टाकणारं तिथे काहीतरी पाहिजे. नाही तर तो आदळून उलटा फिरतो आणि सगळ्यांची वाट अडवतो. टोपण एवढंसं, शिवणकामाच्या अंगुस्तानाएवढं, चांदीसारखं चमकणारं. भाऊजींनी जास्तीचं एक मागितलं होतं. खरेदीवाले बाबू म्हणाले, “वायरीले टोकं किती? दोन. मंग तिसरं टोपण काय कानात घालता?”

मग बातमी आली की दसऱ्याची सुट्टी संपली की अध्यक्षसाहेब नेटवर्क पाहायला येणार, आणि ते चाललं तर एक जागा पर्मनंट होणार. ताईने उपास धरला. खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे गावी विळे, कुदळी मांडतात. भाऊजींनी पेचकस हातात घेऊन पाहिला आणि ठेवून दिला. “हे तं इलेक्ट्रिकवाल्याचं हत्यार झालं. माह्यं काय?” सुट्टी लागण्याआधी कचेरीतल्या मशीनना झेंडूच्या माळा घालून आले, तेव्हा त्यांच्या खिशात वायरीच्या शेवटच्या टोकाचं टोपण होतं. ते पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. त्यावर सासूबाईंनी फुलं वाहिली, दसऱ्याला आपट्याची पानं ठेवली, आणि भाऊजी अध्यक्षांसमोर करायचं भाषण पाठ करण्यात गुंतले. अध्यक्ष येणार त्या सकाळी सासूबाईंनी भाऊजींच्या हातावर दही घातलं. डोळे मिटून देवापुढे, म्हणजे त्याच टोपणापुढे, नमस्कार करून ते कचेरीत गेले.

पुढचं मी कचेरीतल्या लोकांकडून ऐकलं. अध्यक्ष आले, नारळ फुटला, भाऊजींनी बटण दाबलं आणि एकही मशीन दुसऱ्याला ओळख देईना. भाऊजींनी मधोमध तोडलं. इकडचा अर्धा मेलेला, तिकडचाही मेलेला, कारण तोडलं की तिथे लावायलाही टोपण लागतं, आणि ते कानात घालायला कोणी आणलं नव्हतं. मग त्यांनी एकेक जोड उघडला, पुसला, फुंकला, बसवला. शेवटचं टोक कोणीतरी पाहू म्हणालं, तर हे ठासून म्हणाले, “ते मी सोता बसवलं हाय. तिकडं पाहाचं कामच नाही.” अध्यक्षांनी चहा घेतला, भाषण अर्धं ऐकलं, आणि गाडीत बसले.

संध्याकाळी भाऊजी घरी आले. गल्लीच्या तोंडाशी थांबले नाहीत, ओरडले नाहीत. ताईने विचारलंही नाही. सासूबाई देवापुढची शिळी फुलं आवरत होत्या. त्या सहज म्हणाल्या, “अरे, तुह्यं ते टोपण इथंच फुलाखाली पडून हाय. नेत काहून नाही?”

भाऊजींनी ते हातात घेतलं. त्याच्यावर कुंकू तसंच होतं. तसेच सायकलवर बसून कचेरीत गेले, मी मागे बसलो. चौकीदाराने दार उघडलं. टोपण लावलं, आणि माळा घातलेली सगळी मशीन एकामागून एक ‘आहे’ म्हणाली. पाहायला मी आणि चौकीदार. “पाह्यलं गा?” त्यांनी विचारलं. “पाह्यलं, भाऊजी.” दुसरं काय म्हणणार?

जागा अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. त्याला वायर कशी जोडतात ते भाऊजींनीच शिकवलं. घरात मात्र टोपणाच्या रुखरुखीने ठाण मांडलं. सासूबाईंच्या मनाने घेतलं की आपण त्यावर फुलं वाहिली, म्हणून पोराची जागा गेली. त्या देवापुढे बसायच्या, पण फूल वाहायच्या नाहीत. कोणाशी फारसं बोलायच्याही नाहीत. भाऊजी म्हणायचे, “तुह्यं काई नाही माय, मीच विसरलो,” आणि मग त्यांचंही जेवण जायचं नाही. पिंग बंद झालं.

मागच्या उन्हाळ्यात कचेरीतले टायपिस्टकाका रिटायर झाले आणि पेढे द्यायला घरी आले. टोपणाचा विषय निघालाच. काका हसले. “अरे बाप्पा, ते टोपण असतं तरी काय होतं? भाच्याचं तं पितृपक्षातच ठरलं होतं. साहेबांनी वरच्या मजल्यावर निरोप धाडला होता त्याच्या नावाचा. माह्याच मशीनवरून गेला, तुमीच जोडलेल्या वायरीतून.”

भाऊजींनी तोंडाशी नेलेला पेढा परत खाली ठेवला. या वायरीतला निरोप वाटेतल्या प्रत्येक मशीनसमोरून जातो. ज्याचं नाव असेल तेच मशीन तो उचलतं, बाकीची सोडून देतात. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

“म्हंजे माह्या मशीनसमोरून गेला तो,” ते म्हणाले.

“गेला असंन बा.”

“नाव माह्यं नोयतं. म्हणून नाही उचलला.” मग म्हणाले, “बरोबर केलं मशीननं.”

काकांना पोचवायला ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. काका वळून दिसेनासे झाले तरी तिथेच उभे होते. मग तिकडून आवाज आला, “आहेस का वं?”

“आहे!” ताई आतूनच ओरडली.

सासूबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं, भिंतीला धरून उठल्या आणि दारापर्यंत आल्या.

“मी बी हाय रे,” त्या म्हणाल्या. “ये घरात.”