पत्र्याच्या चर्चभोवतीची झाडं

पाळकसाहेबांनी मला फसवलं. सोसायटीच्या चेअरमननं नाही, गावानंही नाही. पाळकसाहेबांनी, आणि तेही एक शब्द खोटा न बोलता.

जळकोटच्या अलीकडं हमरस्त्याला माझा जुन्या पत्र्यांचा, वाशांचा आणि फरशीचा धंदा होता. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं; भाव करणारी जीभ तेवढी मी स्वतः कमावली. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावचे पाळक चर्चच्या तात्पुरत्या शेडसाठी पत्रे घ्यायला आले. मी दीडपट भाव सांगितला. ते म्हणाले, "बरं."

मला ते झोंबलं. घासाघीस न करणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे मला कधी आलंच नाही. भाव मीच खाली आणला आणि वर शेड उभी करायलाही गेलो.

जागा उघड्या माळाची. दार त्यांनी थेट रस्त्याकडं आखलेलं. माझं डोकं फिरलं. "साहेब, माणसं आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडून येणार. मुकादमाच्या शिव्या तोंडात घेऊन सरळ आत शिरतील. देवाला त्या ऐकवायच्यात का?"

ते शांतपणे म्हणाले, "मग माणसं आत कुठून आणायची ते तुम्ही सांगा."

मी ख्रिस्ती नाही. पण तापलेलं डोकं घेऊन घरात शिरलं की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी दार पूर्वेला फिरवलं. वाट सरळ न नेता शेडला वळसा घालून नेली, खळ्याच्या कडेनं चालावं तशी. मध्यावर पाय धुवायला एक रुंद फरशी टाकली. प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणायचं, भांडी विसळलेलं असलं तरी चालेल. ते पायांवर ओतायचं आणि फरशीखालच्या चरातून ते झाडांच्या मुळाशी जायचं. पश्चिमेच्या उन्हाला आडवे तीन कडुलिंब, बसता येईल एवढी दगडाची बुटकी भिंत आणि कोपऱ्यात एका चिंचेला जागा.

पहिल्या रविवारी मी फरशीपाशी उभा राहून एकेकाला समजावत होतो. एक म्हातारी थांबली. "धर्म तुमचा न्हाय, आन् आमच्या पायाचं पाणी मागताय व्हय?"

"झाडाला पायजे, आजी. मला न्हाय."

"मग वरडताय कशाला? झाड बहिरं हाय का?"

मागची रांग हसली. मीही आवाज खाली आणला.

त्याच वर्षी आमचं बाळ जन्मताच गेलं होतं. बायको कुणाशी बोलत नव्हती, घराबाहेर पडत नव्हती. भांड्यांचं पाणी टाकून येऊ म्हणून मी तिला तिथं नेलं. कोपऱ्यातलं चिंचेचं रोप तिनं स्वतःच्या हातानं लावलं, पाळकसाहेब शेजारीच उभे होते. पुढं ती एकटीच जाऊ लागली. पाणी ओतायची आणि भिंतीवर बसून राहायची. एका संध्याकाळी परत आली आणि मी न विचारता म्हणाली, "चिंचेला पालवी फुटलीया." दोन महिन्यांत ती आपण होऊन पहिल्यांदा बोलली होती.

सहा वर्षांत लिंबांची सावली भिंतीवर पडू लागली. माणसं प्रार्थनेच्या आधी येऊन बसत, भांडणं तिथंच मिटवून आत जात. आणि मग सोसायटीचं गोदाम मंजूर झालं.

जागा पहिल्यापासून सोसायटीची होती. गोदाम होईपर्यंत चर्चला वापरायला दिलेली. सगळ्या गावाला माहीत होतं. एकेका पत्र्याची भोकं मोजणाऱ्या मी जमीन कुणाची, हे कधी विचारलंच नाही. चर्च स्टँडजवळच्या पक्क्या इमारतीत गेलं. पत्रे उचलून नेता आले, झाडं नाही. चेअरमननं ती एका दिवसात तोडली. चिंचेला तोवर एकदाही चिंचा लागल्या नव्हत्या.

मी पाळकसाहेबांकडं गेलो. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"होय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेवगा लावला असता."

खरं आहे. शेवगाच लावला असता. दोन वर्षांत सावली, शेंगा, आणि तोडला तरी दुःख नाही. त्या शेवग्यापाशी बायको सहा वर्षं बसली नसती, हेही मला कळतं. पण मला कळलं म्हणून फसवणूक फिटत नाही. पुढं त्यांची बदली झाली.

बायको अजून भांडी विसळलेलं पाणी बादलीत बाजूला ठेवते. संध्याकाळपर्यंत ते तसंच असतं. मग अंगणात ओतून टाकते. चिंचेबद्दल तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

म्हणून मी विचारतो. पाळकसाहेब, मला तुम्ही उत्तर दिलंत, तिला दिलं नाही. जिथं असाल तिथून या, आमच्या ओट्यावर बसा आणि ती रोप लावत होती तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहून गप्प का राहिलात, ते तिच्या तोंडावर सांगा.