गोड्या पाण्याची विहीर

रोझी आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पानमळ्यात पानं खुडत होतो. चर्चची घंटा सावकाश वाजू लागली आणि हात थांबले... आता महिना झाला. लोक म्हणतात, शिक्षिका म्हणून बाई मोठी होती. ती किती मोठी होती हे सांगायचं तर आमच्या घराबद्दलही बोलावं लागेल, आणि ते मला सोपं नाही.

सत्तरच्या दशकात मी कॉलेजात होतो. आत्याने लग्न केलं नव्हतं. ती आमच्याच घरी राहायची, उमेळे गावाजवळच्या शाळेत शिकवायची. तिच्या आठवीच्या वर्गातली कुसुम, मिठागरावर राबणाऱ्यांची पोर, दर महिन्याला काही दिवस गायब व्हायची. मग यायचीच बंद झाली. आत्या तिच्या झोपडीवर गेली. कुसुमची आई आधी चुलीशीच खुडबुडत राहिली. मग म्हणाली, "बाई, कापड खाऱ्या पान्यात धुतलं का वाळून पत्र्यावानी होतं. चालली का मांड्या सोलतात. गोडं पानी हंडाभर मिळतं, ते पिऊ का त्यात धुऊ?"

घरी येऊन आत्याने माझ्या वडलांना सांगितलं, "दादा, उद्यापासून कुसुम आपल्या विहिरीवर येईल." विहीर पानमळ्याच्या मधोमध. आणि अडचणीच्या दिवसांत बाई मळ्यात शिरली की वेल करपतात, हे आमच्याकडे सगळेच मानत. माझी आई त्या दिवसांत फाटकाशीच थांबायची.

"वेडी झालीस का, रोझी? वेल गेले तर खायचं काय?"

"गेले तर माझ्या वाटणीचे गेले समज. आणि दादा, इतकी वर्षं मीच ना त्या विहिरीचं पाणी भरते? कधी विचारलंस, आज कुठला दिवस?"

वडील लालबुंद झाले. मी शिकलेला, पण मान खाली घालून उभा. मलाही काळजी वेलांचीच होती, हे लिहिताना आज लाज वाटते.

कुसुम आली, मग तिच्या वर्गातल्या आणखी दोघी. आत्याने आपली जुनी, मऊ लुगडी फाडून त्यांना दिली आणि धुतलेली कापडं उघड्या उन्हात वाळवायला लावली. वेल नेहमीसारखेच चढले. एका सकाळी आई बादली घेऊन सरळ फाटकाच्या आत गेली. वडील दुसरीकडे बघत राहिले. कुसुम मॅट्रिक झाली.

काल मळ्यात गेलो. माझी मुलगी शेजारच्या पोरींना पाणी ओढून देत होती, दोरीवर कापडं वाळत होती. मी गडबडून मागे फिरलो.

"पप्पा, पळता कुठे? रहाट किती कुरकुरतोय, तेल घाला ना!"

मी तेलाचा डबा आणायला घरी आलो.