जिवंत माणसाचं पान

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात तिला सगळे सुतळीबाई म्हणत. पुस्तकांचे गठ्ठे बांधायचं तिचं काम, आणि अंगकाठीही अशी की ओढली तर तुटेल असं वाटावं. पण तुटायची मात्र नाही. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं.

हा विभाग नफ्यासाठी चालत नाही, असं दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं. ते लिहायची काही गरज नव्हती, आतली पुस्तकं बघून कुणालाही कळलं असतं. शेवाळाच्या जाती, पडक्या विहिरी, झिजलेली नाणी. लिहिणाऱ्याचं अर्धं आयुष्य एकेका पुस्तकात गेलेलं आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. पण ही पुस्तकं दुसरं कुणी छापणार नाही, आणि छापली नाहीत तर ते सगळं शिकलेलं वाया जाणार, म्हणून लोकांच्या देणग्यांवर गाडा ओढला जायचा. योजनेचं नाव 'पुस्तक दत्तक'. देणगी द्यायची, एक पुस्तक दत्तक घ्यायचं आणि त्याच्या सुरुवातीच्या पानावर आपल्या माणसाचं नाव छापून घ्यायचं. देणारे बहुतेक कुणाला तरी पोचवून आलेले असायचे. विधवा, विधुर, पोरके झालेले थोराड मुलगे. त्यामुळे ती सगळी पानं मेलेल्यांची होती.

पुस्तक काही वर्षं खपलं नाही की लगद्याच्या कारखान्यात जायचं, आणि जायच्या आधी सुतळीबाईने प्रत्येक प्रतीतून ते पान फाडून वेगळं करायचं. ही पद्धत उगाच पडली नव्हती. एका देणगीदाराला बाजारात शेंगदाण्यांची पुडी मिळाली आणि पुडी उलगडली तर आत त्याच्या बायकोचं नाव. तो ती पुडी घेऊन संचालकांच्या खोलीत आला होता. शेंगदाण्यांसकट.

"काय सुतळीबाई, आज किती जणांना मारलंत?" पार्सलं तोलणारे वजनदादा विचारायचे.

"मेलेल्यांना काय मारायचं? डोळ्यांचे एक डॉक्टर फाडून झाले, आता कुणाच्या तरी आत्या चालल्यात."

पान शिवणीच्या कडेने अलगद ओढायचं. फाटल्याचा आवाज फारसा होत नाही. तिचा हात बसला होता.

तिला एकच मुलगा. लांब पायांचा, मान पुढे काढून चालणारा, म्हणून घरात बगळ्या. त्याला नादही तसलाच, पाणपक्ष्यांचा. कॉलेजला जातो म्हणून निघायचा आणि गावाबाहेरच्या तळ्यावर दिवसभर चिखलात बसून पक्षी मोजायचा. कोपरे दुमडलेली, शाई फुटलेली पुस्तकं सुतळीबाई गोदामातून त्याच्यासाठी आणायची. तो ती पहिल्या पानापासून वाचायचा. अगदी पहिल्या. कुणी छापलं, कुठे छापलं, कुणाच्या नावाने, सगळं.

"अरे, गोष्ट पुढे आहे," ती म्हणायची.

"एवढं छापलंय ते कुणीतरी वाचायला नको का?"

नवरा लेथवर काम करायचा. लोखंड कापता कापता त्याची जीभही तशीच झाली होती. मुलाने शिक्षण अर्ध्यावर टाकलं, ते त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्या दिवशी तो मोठ्याने ओरडला वगैरे नाही. हात पुसत पुसत म्हणाला, "तू आम्हाला मेलास. आता जा, मोज तुझे पक्षी."

मुलाने आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 'आम्हाला' या शब्दात तीही आली होती. तिने तोंड उघडलं असतं तर ती त्यातून बाहेर पडली असती. पण आधी याचा राग निवू दे, मग समजावू, असा तिचा हिशोब. राग निवेपर्यंत मुलगा घराबाहेर पडला होता.

नंतर तिने दोनदा फोन केला. "हॅलो, बगळ्या" एवढं ऐकलं की पलीकडून फोन बंद. तिसऱ्यांदा नंबरच लागेना. त्याच्या मित्राकडे निरोप दिला तर तो म्हणाला, "काकू, मला मध्ये घालू नका." दुसऱ्या शहरात आहे, बरा आहे, एवढं सांगितलं हेच खूप.

चार वर्षं अशी गेली. मग गोदामात बातमी आली की पाणपक्ष्यांवर एक जाडजूड पुस्तक निघतंय आणि त्याला अजून कुणी दत्तक घेतलेलं नाही.

सुतळीबाईने वरचे दात काढून घेतले होते. कवळीसाठी पैसे बाजूला ठेवले होते, माप द्यायचं तेवढं राहिलं होतं. ते पैसे रुमालात बांधून ती देणग्या बघणाऱ्या मॅडमच्या टेबलाशी गेली. मॅडम मऊ बोलायच्या. त्यांचं कामच ते होतं.

"मावशी, तुम्ही? अहो, तुमचा पगार तो केवढा."

"पुस्तक निघायला हवं, मॅडम. माझा मुलगा ते नक्की उघडणार. कुठल्याही वाचनालयात असू दे, पक्ष्यांचं पुस्तक तो सोडत नाही. पहिल्या पानावर त्याचं नाव घाला आणि खाली फक्त 'आईकडून'. दुसरं काही नको. तो जिवंत आहे, बरं का."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "जिवंत माणसाचं हे आमचं पहिलंच पान. किती गोड."

घरी नवऱ्याला कळलं तेव्हा तो भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबला. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. तू दोन्ही घालवून बसलीस."

"तो वाचेल आणि येईल."

"येऊ दे. दार काही मी खिळे मारून बंद केलेलं नाही," तो म्हणाला आणि जेवू लागला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

मधे एकदा मॅडमनी मुलाचं जन्मसाल विचारलं. तिने सांगितलं. वाचनालयात लागत असेल, असं तिला वाटलं.

पुस्तकं आली. मुखपृष्ठावर पाण्यात एका पायावर उभा राहिलेला पक्षी होता. सुतळीबाईने हात धुतले, पुसले, गठ्ठा सोडला आणि वरची प्रत उघडली.

वर छापलं होतं, 'यांच्या स्मृतीस'. त्याखाली मुलाचं पूर्ण नाव. नावाखाली जन्मसाल, सालापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. सगळ्यात खाली, तिने सांगितलं होतं तसंच, 'आईकडून'.

झालं होतं ते साधं होतं. पान जुळवणाऱ्याने मागच्या पुस्तकाचं पान उघडून त्यातलं नाव बदललं होतं. इतकी वर्षं तो तेच करत आला होता आणि एकाही मेलेल्याने तक्रार केली नव्हती. मॅडमनी तपासताना नावाची अक्षरं तपासली. ती बरोबर होती.

"मॅडम, तो जिवंत आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मावशी, फार वाईट वाटतंय मला. पण असं बघा, आठवण काय, जिवंत माणसाचीही येतेच ना?"

"आणि ही रेघ?"

"ती पुढे मोकळी आहे ना? उलट चांगलंच आहे की ते."

वाचनालयांच्या प्रती बाइंडरकडून परस्पर रवाना झाल्या होत्या. गोदामातल्या प्रतींवर निदान चिठ्ठ्या चिकटवते, माझ्या हाताने चिकटवते, असं सुतळीबाई म्हणाली. मॅडम संचालकांना विचारून आल्या. संचालक म्हणाले की चिठ्ठी म्हणजे नव्या कपड्याला ठिगळ. शिवाय विक्रीतल्या पुस्तकाचं देणगीपान कुणी फाडलं किंवा झाकलं तर नोकरी जाईल, हा नियम सगळ्यांना लागू. दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीत.

"दुसरी आवृत्ती?" वजनदादा म्हणाले. "या इमारतीत दुसरी आवृत्ती फक्त चहाची निघते."

तिने एक प्रत घरी नेली. नवऱ्याने पान वाचलं, मिटलं, पुस्तक टेबलावर नीट ठेवलं.

"माझंच वाक्य छापलंस की," तो म्हणाला. "मी फुकटात बोललो होतो. तू पैसे मोजलेस."

त्यानंतर सुतळीबाईचं काम उलटं झालं. ज्या पुस्तकासाठी दात दिले ते खपू नये, एवढीच तिची इच्छा उरली. खपलं नाही तर ते लगद्याला जाणार, आणि लगद्याला जाताना ती ते पान राजरोस फाडू शकणार. पुस्तकामागे छापलेला मागणीचा फोन गोदामातच वाजायचा आणि वजनदादांचे हात पार्सलात गुंतलेले असल्यामुळे तो तीच उचलायची. पाणपक्ष्यांचं पुस्तक हवंय, असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "प्रत शिल्लक नाही." पाठीमागे गठ्ठ्यांची भिंत उभी असायची. एका म्हाताऱ्या शिक्षकाने तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी ती त्याच्यावर खेकसली.

वजनदादांना सगळं कळत होतं. एकदाच म्हणाले, "लिहिणाऱ्याने काय पाप केलं, बाई?" लिहिणाऱ्याची आई त्याचं बघेल, असं तिच्या मनात आलं.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"नमस्कार. ते पाणपक्ष्यांवरचं पुस्तक..."

"प्रत शिल्लक नाही," ती सवयीने बोलून गेली.

"प्रत नकोय. माझ्या समोरच आहे."

वाक्य सुरू करण्याआधी घसा किंचित अडतो, तसा तो अडला. लहानपणापासून अडायचा. सुतळीबाई मागच्या गठ्ठ्यावर बसली. तिचा आवाज त्याने ओळखला नव्हता. वरचे दात नसल्यामुळे तिचे शब्द फटीतून वारा यावा तसे बाहेर पडत, आणि हा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. मी आई, असं म्हटलं तर काय होतं, हे तिला माहीत होतं. दोनदा झालं होतं. म्हणून ती गोदामातली बाईच राहिली.

"बोला, साहेब."

"सुरुवातीला एक पान आहे. नावाचं. त्यावरचा मजकूर कोण ठरवतं? तुम्ही की पैसे देणारे?"

"त्या पानावर चूक झालीय, साहेब. छापताना."

"कसली चूक? नाव बरोबर आहे. साल बरोबर आहे. खाली आईकडून आहे, तेही बरोबरच असणार."

"वरची ओळ चुकली. जुन्या पानावरून काम करतात हो, घाईत राहून गेलं. त्या माउलीने तसं सांगितलं नव्हतं. मला ठाऊक आहे."

"तुम्ही नोकरी करता, तुम्हाला असं बोलावंच लागणार." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "एकाने तोंडी सांगितलं होतं. दुसरीचं काय मत आहे ते कधी कळलं नव्हतं. आता छापीलच मिळालं."

वजनदादांनी काट्यावर एक पार्सल आपटलं. पलीकडे घसा पुन्हा अडला.

"त्या... अजून तिथेच कामाला आहेत का? गोदामात?"

"आहेत." तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "इथेच आहेत. अगदी इथे, समोर. बोलावू?"

पलीकडे कुठेतरी दार उघडून मिटल्याचा आवाज आला. एवढ्या वेळात 'बोलवा' म्हणून झालं असतं.

"नको," तो म्हणाला. मग नीट, सभ्यपणे, तिनेच लहानपणी शिकवलं होतं तसं म्हणाला, "तुम्हाला तसदी दिली. ठेवतो."

तिने फोन जागेवर ठेवला.

"काय हो, पुन्हा प्रत शिल्लक नाही?" वजनदादांनी विचारलं.

"चुकीचा नंबर होता," ती म्हणाली.

घरी तिने काही सांगितलं नाही. नवऱ्याने विचारलं, "आज काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, धूळ." त्यानंतर दोघेही एकमेकांना काही विचारायचं टाळू लागले.

पुढच्या आठवड्यात मॅडम स्वतः गोदामात आल्या. पहिल्यांदाच. धुळीत चपला जपत, हातात एक जाड पाकीट घेऊन.

"मावशी, एक गोड बातमी. संचालकांच्या मागे लागून लागून मी परवानगी मिळवलीच. या बघा चिठ्ठ्या. नाव आणि 'आईकडून', बाकी काही नाही. आज सगळ्या प्रतींवर तुमच्या हाताने चिकटवा."

सुतळीबाईने एक चिठ्ठी बोटात धरली. छपाई स्वच्छ होती. कागदही चांगला होता. तिला हवं होतं ते सगळं त्यावर होतं. ती तिने पुन्हा पाकिटात ठेवली.

"राहू द्या, मॅडम."

"रागावलात का?"

"नाही. ज्याने वाचायचं त्याने वाचलं. आता पान बरोबर आहे."

मॅडमना नीट कळलं नाही, पण एक कटकट मिटली हे कळलं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठं मन आहे तुमचं. मग पुढच्या वर्षीच्या दत्तक यादीत धरू ना तुम्हाला? एकदा दिलेला माणूस पुन्हा देतो, असा आमचा अनुभव आहे."

"पुढच्या वर्षी दात बसवायचेत."

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. त्या दाराबाहेर पडतात न पडतात तोच फोन वाजला. तोच म्हातारा शिक्षक, घाबरत घाबरत, आधीच माफी मागत. पाणपक्ष्यांचं पुस्तक. एखादी तरी प्रत, कोपरा दुमडलेली असली तरी चालेल.

वजनदादा काट्यावरून मान वळवून बघत राहिले.

सुतळीबाईने सुतळीचं रीळ जवळ ओढलं. "आहेत की," ती म्हणाली. "किती पाठवू?"