वस्तीकडं पाठ फिरवलेला भोंगा

अन्याय झाला तो मेडशीकडच्या आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या एका काकूवर. झाला यंदाच्या दिवाळीच्या तोंडावर, ज्या दुपारी ती सोयाबीनची सोंगणी उरकून घरी जेवायला आली, त्या दुपारी. कापलेल्या पिकाची सुडी वावरात उघडी पडली होती. गावातल्या झाडून सगळ्या सुड्यांवर तेव्हा ताडपत्र्या चढल्या होत्या. पाऊस आला, रात्रभर हटला नाही. काकूच्या शेंगांना कोंब फुटले.

मी वाशिमला संघटनेचं काम करते. बातमी कळली अन् डोकं फिरलं. मला पत्रक लिहिता येतं, दुसरं फार काही येत नाही. बसल्या बैठकीत लिहून काढलं: ‘उपग्रहाची ढगचित्रं परदेशाला फुकट, मेडशीकडच्या बाईला साधा इशारा नाही! हवामान खातं कोणाचं?’ मथळ्यावर मी जाम खूश होते. छापलेला गठ्ठा काखेत मारून हवामान सल्ला देणाऱ्या कचेरीत धडकले.

तिथल्या साहेबांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. “भाषा कडक आहे,” म्हणाले. “चहा घ्याल?”

“उत्तर घेईन.”

“आपली चित्रं श्रीलंकेला, बांगलादेशाला जातात, हे खरं. त्यांच्याकडं वादळ निघालं की आपलं खातं त्यांना कळवतं. पण युरोपचा उपग्रहही आपल्या समुद्रावर नजर ठेवून असतो, त्याची चित्रं आपण घेतो. अमेरिकेचे उपग्रह डोक्यावरून जातात, त्यांचीही मोजमापं घेतो. सगळ्यांचं मिळून एक अंदाज बनतो. आपण हात आखडला तर ते कशाला देतील?”

“मग आमच्या गावाला काहून नाही कळवलं?”

“कळवलं की. सकाळीच. तुमच्या गावाला फोन मीच केला होता. भोंग्यावर पुकारतो म्हणाले.”

चहा आला होता. तो तसाच ठेवून मी उठले. आमच्या गावात भोंगा एकाच घरावर आहे. आमच्या. आणि माईक माझ्या बाबांच्या हातात असतो.

एसटीनं गाव गाठलं. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते.

“पुकारलं ना मी! घसा फाटेस्तोवर पुकारलं.”

“मंग काकूले काहून नाही ऐकू आलं?”

“हवेनं आवाज उडवला असन. आता हवेलेबी मीच धरून ठेवू काय?”

मी गच्चीवर गेले. भोंग्याच्या दोन्ही कर्ण्यांची तोंडं देवळाकडं, पाराकडं. वस्तीकडं पाठ. एक कर्णा पूर्वी तिकडं होता. एका जयंतीला वस्तीतली गाणी अन् आमचं कीर्तन एकमेकांत मिसळलं, बोलाचाली झाली, तेव्हा बाबांनी तो इकडं वळवला. त्या दिवसापुरता, म्हणाले होते. त्याच खांबाला बांधलेल्या तारेवर मी वर्षानुवर्षं कपडे वाळत घालत आले. जिल्हाभर समतेची पत्रकं वाटत फिरणारी मी. मान वर करून कधी बघितलं नाही.

काकू अंगणात काळे पडलेले दाणे निवडत होती. “ये व माय,” म्हणाली, “हातातलं वाच.” मी अडखळत वाचलं. ती हसली.

“आपले फोटो सिलोनले जातात? जाऊ दे. तिकडच्या कोन्या बाईची सुडी वाचली असन. तिच्यावर कायले चिडून राह्यली?”

मग हातातले दाणे सुपात टाकले.

“तुह्या उपग्रहाले माहं वावर दिसते म्हनते. तुह्या बापाले माहं घर नाही दिसत?”

मी पत्रकाची घडी घातली.

“तूर उभी हाये अजून,” ती म्हणाली. “तिच्या वक्ताले तरी आवाज देजा.”

घरी येऊन बाबांना म्हटलं, भोंगा वळवा. “पाहू. नट गंजला हाये.”

मी पाना घेऊन वर चढले. बाबा खालून ओरडत होते, “उतर पोट्टे! लोक काय म्हनतीन?” दोन थेंब तेल सोडलं, जोर लावला, कर्णा वळला. एवढंच लागलं. लाज जात नाही ती याचीच. परक्या देशांनी आपसात बोलून ढगाचा निरोप आमच्या गच्चीपर्यंत आणून दिला, अन् पुढची एक गल्ली आम्ही तो जाऊ दिला नाही.

पत्रकाचा गठ्ठा मी चुलीत घातला. हे लिहिलं ते त्याच्या जागी.

वाचणाऱ्या, तुझ्या गावातही भोंगा असेल. आज त्याच्याखाली उभा राहा. वस्तीकडं, तांड्याकडं त्याची पाठ असेल तर तूर काढायच्या आधी तो वळव. आणि वळवला म्हणून मला सांगू नको. शेवटच्या घरात जा, विचार: ऐकू आलं का?