फडक्यातले पाच पेरू

पंचावन्न-छप्पन साल असेल. पिंपरी स्टेशनाबाहेर एक बाई पेरू विकायची. कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस. दर शनिवारी पाटी उतरवली की आधी ती सगळ्यांत चांगले पाच पेरू निवडायची, पदराने पुसायची आणि फडक्यात बांधून मागे सरकवायची. गिऱ्हाईक त्यानंतर.

मला पक्का संशय होता, हे पाच पेरू एखाद्या बड्या साहेबाकडे जादा दराने जात असणार. शेवटी एकदा विचारलंच, "मावशी, कुठल्या बंगल्यावर चाललाय हा माल?"

"उद्या ऐतवार न्हवं का, दादा. चर्चात देवाफुडं ठेवायचं हायेत."

माझा काही विश्वास बसेना. "देव काय चाखून बघतोय? विकून उरलेले न्यायचे की!"

"त्यो फळ न्हाई बघत. मनात पयला कोन बसवलाय, तेवढं बघतो."

बाई बोलायला पटाईत आहे, असं मनात म्हणत मी घरच्यांना खायला चार टपोरे पेरू निवडून घेतले. ते पिशवीत टाकून तिने पाटीच्या तळातला एक डागाळलेला पेरू उचलला आणि सहज विचारलं,

"आन् ह्यो तुमच्या देवाफुडं ठेवायला. नेहमी नेता तसलाच हाय. टाकू न्हवं?"